आठ दिवसांच्या बोलीवर दोन कॅमेरे

फोटोवाले जिन्यावरून पडले तेव्हा त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. पडणारा माणूस आधी स्वतःला सावरतो. यांनी उजव्या हातानं लेन्स झाकून घेतली. लेन्सला ओरखडासुद्धा आला नाही. कॅमेऱ्याची बॉडी मात्र पायरीच्या कडेवर आपटली. फोटोवाल्यांची डावी बाजू त्याआधीच, वरच्या पायरीवर असतानाच गेली होती. पडले म्हणून झटका आला नव्हता, झटका आला म्हणून पडले होते, हे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली होती. पाय काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालू लागला. डावा हात तसाच राहिला, खांद्यापासून लोंबणारा, बोटं अर्धवट मिटलेली. जीभ शाबूत होती, आणि वर्तमानपत्राच्या फोटो विभागात तीस वर्षं काढल्यावर ती जितकी तिखट असायला हवी तितकी होती.

त्यांची बायको कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. तिथं तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेशी तिचा संबंध आठवीनंतर सुटलेला. पण कापडाचे साठ-साठ थर एकावर एक रचायचे, वर खडूनं आखायचं आणि त्या सगळ्यातून एका दमात सुरी फिरवायची, हे काम करणाऱ्याला कारखान्यात मास्तरच म्हणतात. सुरी एक सूत हलली तर साठ कोट वाया जातात. तिच्या हातून एकोणीस वर्षांत एकदाच सुरी हलली होती, तीही दिवे गेले म्हणून. नवरा पडला तेव्हा तिनं आधी पंधरा दिवसांची रजा टाकली, मग दोन महिन्यांची, आणि मग अर्ज लिहायचंच सोडून दिलं.

त्यानंतर ती नवऱ्याचा डावा हात झाली. शर्टाची बटणं, बुटाचे बंद, पाकिटाची चेन, ब्रशवर पेस्ट. औषधाची बाटली ते उजव्या हातात धरत, झाकण ती फिरवी. दर दहा मिनिटांनी हाक येई, "अगं!" ती बाथरूममध्ये असली तरी येई आणि शेजारी उभी असली तरी येई. शेजारी असताना येणाऱ्या हाकेचंच तिला सुरुवातीला नवल वाटलं होतं. ती डावीकडे उभी असली की फोटोवाल्यांना ती दिसतच नसे.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "मेंदूच डाव्या बाजूची दखल घेत नाही. डावीकडे काही आहे हेच त्याला पटत नाही. मान वळवायची सवय लावा."

फोटोवाल्यांना हे अजिबात मान्य नव्हतं. डॉक्टर लोकांना काहीतरी सांगावंच लागतं, नाहीतर त्यांची फी कशी निघणार, असं त्यांचं म्हणणं. पण जेवताना ते ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ करत आणि "आज कमी केलंस का?" असं विचारत. ती ताट अर्धं फिरवी. त्यांना वाटे, बायकोनं परत वाढलं. दाढीही अर्धीच होई, उरलेली ती करून टाकी. दोन वर्षांत तिनं त्यांना एकदाही खडसावून सांगितलं नव्हतं की हे बघा, तुम्हाला अर्धं जग दिसत नाही. सांगून काय होणार होतं, आणि रोज उठून कोण भांडणार!

एका सकाळी फोटोवाल्यांनी कपाटातली पेटी काढायला लावली. आत तीन लेन्स होत्या, सगळ्या जुन्या, पितळ आणि काच, हातानं रिंग फिरवून फोकस करायच्या. त्यांनी एकेक उजव्या तळहातावर घेऊन खिडकीकडे धरली, फुंकर मारली. मग म्हणाले, "बॉडी आणायला हवी."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कॅमेरा?"

"लेन्स आहेत, बॉडी नाही. इंजिन आहे आणि गाडी नाही, असं झालंय. किती दिवस बसू मी या खुर्चीत? समोरच्या इमारतीत एवढं काय काय चाललेलं असतं. निदान ते तरी टिपीन."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जेवण आणि औषध सोडून काही मागितलं होतं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

गुरुवारी तिची नणंद यायची. थोरली, एकटी राहणारी, भावावर जीव टाकणारी. गुरुवारचे ते दोन तास ही मास्तरीणबाईची सुट्टी. एरवी त्यात बँक आणि औषधांचं दुकान उरके. या गुरुवारी ती कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली.

दुकानदार फोटोवाल्यांना ओळखून होता. त्यानं पडलेली बॉडी आधीच पाहिली होती आणि आतली काच हलली आहे, हिचे भाग आता मिळत नाहीत, असं सांगून हात टेकले होते. आता त्यानं काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले.

"हा त्यांच्या जुन्याचाच भाऊ," त्यानं पहिला पुढे सरकवला. "रेंजफाइंडर. फिल्मचा, सेकंडहँड, पण ठणठणीत. यात तुम्ही लेन्समधून बघत नाही, बाजूच्या या छोट्या खिडकीतून बघता. मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसते. रिंग फिरवत राहायचं. दोनाची एक झाली की फोकस झाला."

तिनं डोळा लावला. समोरच्या शेल्फवरच्या घड्याळाची दोन घड्याळं झालेली होती. तिनं रिंग फिरवली, ती सरकत सरकत एकमेकांवर बसली. कापडाच्या दोन थरांची रेघ जुळावी तसं. तिला ते आवडलं.

"आणि हा मिररलेस. नवा. यात लेन्सला जे दिसतं तेच मागच्या पडद्यावर दिसतं. जुन्या लेन्स बसवायला मधे ही जोडरिंग लावायची. फोकस झाला की वस्तूच्या कडा लाल होतात. पाहिजे तर चित्र दहापट मोठं करून बघा. डोळे अधू असले तरी चालतं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? रिंग डाव्या हातानं फिरवतात. तो हात तर त्यांचा चालत नाही. रेंजफाइंडर डोळ्याला चिकटवून एका हातानं धरायचा, त्याच हातानं बटण दाबायचं, मग रिंग कोण फिरवणार? मिररलेस स्टँडवर लावला की दोन्ही कामं उजव्या हातानं होतात. एकट्याला जमेल."

एकट्याला जमेल. हे दोन शब्द तिच्या कानात बसून राहिले, कारण त्याच सोमवारी कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला होता. नवा कटर काम सोडून गेला होता, कोटांची मोठी ऑर्डर अडली होती. अकरा ते चार या, तेवढे तास पुरेत, पण पुढच्या शुक्रवारपर्यंत काय ते कळवा, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. फोन आल्याचं तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दोन्ही घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "आठ दिवसांच्या बोलीवर. त्यांना ठरवू दे. माझ्या पहिल्या दुकानाचा फोटो त्यांनीच छापून आणला होता, एवढा विश्वास ठेवायला काही हरकत नाही."

घरी आल्यावर फोटोवाल्यांनी मिररलेसकडे ढुंकून पाहिलं नाही. रेंजफाइंडर मांडीवर घेतला, अंगठ्यानं त्याच्या कडा चाचपल्या, आणि पस्तीस मिलिमीटरची लेन्स लावायला सांगितली. तिनं लावली. रोल भरायला सांगितला. तो कसा भरायचा हे त्यांनी खेकसून खेकसून शिकवलं आणि तिनं तिसऱ्या खेपेला भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची खिडकीशी ओढली. ते डोळा लावून बसले, ती त्यांच्या डावीकडे उभी राहून लेन्सची रिंग धरून.

"फिरव. माझ्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. हळू. अजून. गेलीस पुढे. मागे ये. केसभर. थांब!"

खट्.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. दोन वर्षांपूर्वीचा तो माणूस क्षणभर परत आला होता. "वा," ते म्हणाले. "वा! हात काय आहे तुझा. एवढा सफाईदार हात माझासुद्धा नव्हता."

सकाळभर हे चाललं. समोरच्या गच्चीतली कपडे वाळत घालणारी बाई, शिडीवर चढलेला रंगारी, पाण्याच्या टाकीवरची कबुतरं. ती यातलं काहीच बघत नव्हती. वाकून उभी राहिल्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर फक्त त्यांचा डावा कान होता आणि कानामागची, तिनं दाढी करताना सुटलेली, पांढरी खुंटं. काय टिपलं म्हणून विचारलं की ते म्हणत, "फोटो आले की बघशील." आणि बरोबर होतं. खिडकी एकच, तीही एका डोळ्यापुरती.

दुपारी तिनं पाठ टेकली तेव्हा कंबर धरली होती. पलीकडच्या खोलीतून हाक आली. "अगं! ऊन पडलंय बघ छान. ये पटकन."

शनिवारीही तेच. रविवारी ते सात वाजताच तयार होऊन बसले. इतके गोड बोलत होते की नणंदेनं फोनवर ऐकून विचारलं, "काय गं, औषध बदललं का?" मग म्हणाली, "देव पावला बाई. आता तुम्ही दोघं मिळून फोटो काढा. तसंही तुझ्यावाचून त्याचं पान हलत नाही."

"हो वन्सं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. बटणं, बंद, झाकणं, आणि आता ही रिंग. बटणं लावून संपतात. फोटो कधी संपणार होते? ऊन रोज पडणार होतं.

सोमवारी तिनं मिररलेस स्टँडवर चढवला आणि खिडकीत, त्यांच्या उजव्या हाताशी आणून ठेवला.

"हे काय?"

"आठ दिवसांतले चार गेले. एकदा बघा तरी."

"हा कॅमेरा नाही, टीव्ही आहे. टीव्ही बघायला मी तीस वर्षं घालवली नाहीत."

"तुमच्या उजव्या हाताला रिंगही येते आणि बटणही. मी लागणारच नाही."

"तू का लागायची नाहीस? कुठे जायचंय तुला?"

हे त्यांनी सहज विचारलं होतं. तिनं नुसतंच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडदा उजळला.

कुरकुर करत त्यांनी रिंग फिरवली. कडा लाल झाल्या. त्यांनी चौकट बसवली, म्हणजे त्यांच्या मते बसवली, आणि ती पाठीमागे उभी राहून पहिल्यांदाच ते काय बघतात ते बघू लागली. गच्चीतली बाई दोरीवर चादर टाकत होती. पडद्यावर तिचा एक हात होता, अर्धी चादर होती, आणि उजवीकडे नुसती भिंत, भिंत आणि पावसाच्या पाण्याचा पाइप. बाई जवळजवळ सगळीच्या सगळी डाव्या कडेबाहेर गेली होती.

"बाई कापली गेलीय," ती म्हणाली.

"कुठे?"

"डावीकडे. नुसता हात आलाय."

"डावीकडे काही नाहीये. अगदी मधोमध आहे ती. तुला काय कळतं फोटोतलं?"

खट्. त्यांनी फोटो काढला. पुढचे तीनही तसेच काढले. पाचव्याला त्यांचा हात स्टँडला लागला, कॅमेरा डुगडुगला, आणि त्यांनी तो असा ढकलला की तिनं धावत येऊन पकडला नसता तर खाली गेला असता. "घेऊन जा हे. तो माझा आण. आणि उभी राहा इथं."

ती उभी राहिली. रोल दुपारी तीनला संपला. छत्तीस फोटो.

रोल धुऊन आणायचा म्हणून तिला मंगळवारी अर्धा तास आणि बुधवारी अर्धा तास मिळाला. शेजारीण दारात खुर्ची टाकून बसली होती, तिला तिनं शंभरदा सांगितलं की लगेच येते. बुधवारी दुकानदारानं पाकीट हातात दिलं, पण नेहमीसारखा हसला नाही.

"फोकस अप्रतिम आहे," तो म्हणाला. "एकही हललेला नाही. पण वहिनी, तुम्हीच बघा."

तिनं काउंटरवरच बघितले. शिडीवरचा रंगारी, कबुतरं, चादर, रंगाऱ्याचा डबा. सगळं काचेसारखं स्वच्छ, सगळं डावीकडे सरकलेलं, कापलेलं. आणि जवळजवळ प्रत्येकात डाव्या बाजूला खाली एक काळपट, मऊ, गोलसर डाग. पहिल्यांदा तिला वाटलं, कागदावरच काही सांडलंय. तिनं पुसूनही पाहिला.

"बोट आहे ते," दुकानदार म्हणाला. "रिंग धरताना लेन्सच्या पुढे आलंय. रेंजफाइंडरमध्ये हे कळत नाही ना, बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. मिररलेसमध्ये लगेच पडद्यावर दिसलं असतं."

छत्तिसातल्या एकतीस फोटोंत तिचं बोट होतं.

घरी तिनं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि समोर बसली. त्यांनी फोटो मांडीवर पसरले, एकेक उचलून पाहू लागले.  आता विचारतील, आता ओरडतील.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "हा रंगारी बघ. काय तेज आहे! हा तर मोठा करून लावू." एकतीस वेळा ते बोट त्यांच्या नजरेखालून गेलं, आणि एकतीस वेळा दिसलं नाही. "सांग त्या दुकानदाराला, रेंजफाइंडर ठेवतोय. दुसरा परत ने. आणि चार रोल आण."

 ती चहा करायला उठली, आधण ठेवलं, गॅस बंद केला आणि परत आली. पुढे ती कधी नणंदेला, कधी स्वतःला सांगत राहिली की त्यांच्या भल्यासाठी केलं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की सवय लावा. पण त्या क्षणी तिच्या मनात भलंबिलं काही नव्हतं. शुक्रवार परवावर आला होता. चार रोल, म्हणजे एकशे चव्वेचाळीस फोटो, आणि त्या कानामागची खुंटं.

तिनं त्यांच्या हातातला रंगाऱ्याचा फोटो घेतला, रोज ताट फिरवी तसा उलटा फिरवला आणि परत हातात ठेवला. डावी बाजू उजवीकडे आली.

त्यांनी पाहिलं. रंगारी पायांवरून डोक्यावर आला होता, आणि फोटोच्या उजव्या बाजूला वर तो डाग होता.

"हे काय आहे?"

"माझं बोट."

"यात बोट कुठून आलं? मघाशी नव्हतं."

"मघाशीही होतं."

त्यांनी फोटो सरळ केला. बोट गेलं. उलटा केला. आलं. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग दुसरा उचलला, तो फिरवला. तिसरा. पाचव्या-सहाव्यानंतर त्यांचा हात थांबला.

"सगळ्यांत?"

"एकतीस."

"आणि हा रंगारी... याचा दुसरा हात?"

"नाही आलेला. बाईसुद्धा अर्धीच आलीय. सोमवारी म्हटलं होतं मी."

फोटोवाले खिडकीकडे बघत राहिले.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, ती पुसायला तरी पुढे झाली असती. पण ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दोन्ही परत कर."

रात्री जेवताना त्यांनी ताटाला हात लावण्याआधी ते स्वतःच फिरवून पाहिलं. डावीकडची वाटी दिसल्यावर चमचा खाली ठेवला आणि जेवलेच नाहीत.

गुरुवारी नणंद आली तेव्हा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. "काय झालं?" तिनं विचारलं. मास्तरीणबाईनं सांगितलं ते थोडक्यात, आणि स्वतःचा भाग गाळून. मग दोन्ही कॅमेरे पिशवीत घालून ती निघाली. जिन्यात दोनदा थांबली. परत वर जावं, पायाशी बसावं, चार रोल आणावेत, त्यात काय एवढं. माणूस आनंदात होता. अर्धे फोटो तर अर्धे फोटो, त्याला तर पूर्णच दिसत होते ना? हा विचार तिला दुकानापर्यंत सोडायला आला.

दुकानात तिनं रेंजफाइंडर काउंटरवर ठेवला. दुसऱ्या कॅमेऱ्यावर हात तसाच राहिला.

"हा ठेवते," ती म्हणाली.

"त्यांना पसंत पडला?"

"नाही."

दुकानदारानं पावती केली. मग तिनं तिथूनच सुपरवायझरला फोन करून सांगितलं की सोमवारपासून येते.

घरी तिनं हे दोन्ही एकदमच सांगून टाकलं, उभ्याउभ्याच, चपला पायांत असताना. नणंद आ वासून बघत राहिली. फोटोवाले भिंतीकडून वळले.

"मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"आणि तो फोटो उलटा करून दाखवलास, तो याच्यासाठी. मुद्दाम."

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "मुद्दाम दाखवला."

"अगं, काय बोलतेस हे!" नणंद ओरडली.

"दोन वर्षं मी यांच्या डाव्या बाजूला उभी आहे, वन्सं. यांना मी तिथं दिसत नाही. दिसत नाही यात यांचा दोष नाही, मला कळतं. पण मी दिवसभर तिथंच उभी राहिले तर मला तरी मी कुठे दिसणार?"

नणंदेनं भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शेवटी नणंद म्हणाली, "अकरा ते चार मी येईन. सोमवार ते बुधवार. पुढचं तुमचं तुम्ही बघा." आणि पदरात तोंड खुपसून स्वयंपाकघरात गेली. उरलेल्या दिवसांसाठी शेजारणीला विचारलं, ती तयार झाली.

सोमवारी मास्तरीणबाई कटिंगच्या टेबलापाशी उभी राहिली. करड्या कापडाचे चाळीस थर, वर खडूची आखणी. सुरी हातात घेतली आणि बटण दाबण्याआधी तिनं श्वास रोखला. सुरी रेघेवर गेली आणि रेघेवरच राहिली. खांद्याच्या वळणावर तिचे डोळे भरून आले, पण हात हलला नाही.

साडेअकराला घरून फोन आला. टॉवेल कुठे आहे? टॉवेल जागेवरच होता, डावीकडच्या खुंटीवर. बाराला आला, सव्वाला आला, अडीचला आला. टेबलापाशी मोबाइल चालत नसे, कारखान्याचा फोन भिंतीवर, टेबलापासून वीस पावलांवर. प्रत्येक वेळी सुरी बंद करून जायचं, सुपरवायझरच्या नजरेसमोरून. आठवडाभर असंच. शुक्रवारी सुपरवायझर म्हणाला, "मास्तरीणबाई, घर सोडून आलात की घर घेऊन आलात?"

कॅमेरा खिडकीत स्टँडवर उभा होता. रोज निघताना ती तो पुसून, चालू करून ठेवी. पडद्याच्या डाव्या कडेला तिनं कापडावर खूण करायची लाल पट्टी चिकटवली होती. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, एवढंच सांगितलं होतं. फोटोवाले त्या दिशेला बघतसुद्धा नसत.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी फोन आला. "कडा लाल होत नाहीयेत."

ती गोंधळली. "कसल्या कडा?"

"कसल्या म्हणजे? फोकसच्या. काय दाबायचं?"

"डावीकडे वरती बटण—" ती थांबली. "मान वळवा. अजून वळवा. पट्टी आली का?"

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. वीस पावलांवर चाळीस थर थांबलेले. "आली," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी सत्तर फोटो काढले. संध्याकाळी ती दारातून आत आली ती चपलाही न काढता त्यांच्यासमोर बसवली गेली. एकेक फोटो पडद्यावर आणून ते विचारत, "डावीकडे काय आहे?" ती सांगे. अर्धी खिडकी. कापलेलं झाड. काही नाही, रिकामं आकाश. ते लहान मुलासारखं ऐकत, पुटपुटत, मग पुढचा फोटो. सत्तर झाले तेव्हा आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी शंभर. मग हे रोजचंच होऊन बसलं. फोन कमी झाले, दिवसाला एखादा. पण पाच तास सुरी धरून आलेल्या बाईला आता तीन तास डावीकडचं वाचून दाखवावं लागे, आणि फोटोवाले गुणी विद्यार्थी असल्यामुळे रागावण्याचीही सोय नव्हती. फोटो खरंच सुधारत होते. गच्चीतली बाई एका संध्याकाळी नाकापर्यंत आली, आठवड्यानं कानापर्यंत.

एका बुधवारी ऑर्डर निघायची होती. ती सहाला घरी आली. पायांत गोळे आले होते. फोटोवाले कॅमेरा मांडीवर घेऊन तयारच बसले होते.

"आज नाही," ती म्हणाली.

"थोडेच आहेत. चाळीस."

"आज नाही वाचणार मी. तुमचे तुम्ही बघा."

त्यांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. म्हणाले, "बरं."

ती स्वयंपाकघरात गेली, घमेल्यात गरम पाणी घेतलं, पाय सोडून बसली. बाहेरच्या खोलीतून बटणाचा बारीक आवाज येत होता. एक फोटो. मग मोठी शांतता, म्हणजे मान वळत असणार. पुन्हा बटण. तिनं डोळे मिटले. पाणी छान होतं. आता काही करायचं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं, आणि तरी ती सबंध अंगानं ऐकत होती, एक पाय पाण्यात आणि एक, कधी काढून घेतला ते तिलाही कळलं नव्हतं, कोरड्या फरशीवर.